तीनच्या जागी एक

मंडळी, बसा. मागे उभे आहात ते पुढे या. पुढच्या रांगांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायला हे काही लग्न नाही.

मघाशी दारात तुमच्यापैकी निम्म्यांनी मला विचारलं, "आपण कोण?" विचारलंत ना? तीन-तीन, चार-चार वर्षं दोन्ही वेळा माझ्याकडे जेवलात. कोण वांगं बघून तोंड वाकडं करायचा, कोण भात आधी घ्यायचा, कोण परीक्षेच्या दिवशी दही-साखर खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, सगळं मला पाठ आहे. आणि तुम्ही म्हणता, आपण कोण! हातात भाताचं पातेलं घेऊन आले असते, तर लगेच ओळखलं असतंत. असू द्या. मोठ्या कंपन्यांत गेलात, डोक्यात खूप काही साठवावं लागत असेल. म्हातारीला जागा कुठून उरणार?

तर मी गोदाबाई. डेक्कनच्या मागच्या गल्लीतली खानावळवाली. मावशी. आता आठवलं?

हे वाचते आहे ती माझी नात, राधिका. मी ही इथे पुढच्या खुर्चीत बसले आहे. मला अक्षर येत नाही. काल दुपारी मी बोलत गेले, आत्ता इथे बसल्या-बसल्या थोडी भर घातली, आणि तिने लिहून घेतलं. माझी वऱ्हाडी बोली तिने धुऊन, पिळून, इस्त्री करून पुणेरी केली आहे, तेवढं चालवून घ्या. पण एकही वाक्य गाळायचं नाही असं बजावलं आहे. मला वाचता येत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं.

मी उभी राहून बोलले असते. जन्मभर बोलतच आले. पण उभी राहिले की त्या फोटोकडे लक्ष जाणार. सरांनी जिवंतपणी कधी गळ्यात हार पडू दिला नाही, हातातच घ्यायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे. आज बाजूला ठेवता येत नाही त्यांना. ते बघून माझ्याच्याने शब्द निघायचा नाही. आणि दुसरं म्हणजे, सरच सांगायचे, "गोदाबाई, तोंडी सांगितलेलं लोक दुसऱ्या दिवशी नाकारतात. कागद करा." म्हणून कागद केला. वाचून झाला की हा कागद राधिका इथल्या, सरांच्या संस्थेच्या, संचालक साहेबांच्या हातात देणार आहे. का, ते पुढे येतंय.

गेल्या बुधवारी सकाळी सोमण सर फिरून आले. चपला काढल्या. खुर्चीत बसले. त्यांच्या पत्नी सुलभाताई आत चहा गाळत होत्या. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सर गेलेले होते. एवढंच. ज्या माणसाने कधी कोणाला दारात ताटकळत ठेवलं नाही, तो जातानाही कोणाला ताटकळत न ठेवता गेला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नंबर माझा होता. रांग मोडली सरांनी, आणि तीही पुण्यात राहून.

सर कसले विद्वान होते ते तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगणार नाही. ते मघाशी तिघांनी सांगून झालं. मी ऐकलं, निम्मं कळलं. मला कळलेले सर सांगते.

सुलभाताईंची बँकेतून कोल्हापूरला बदली झाली, तेव्हा सर पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आले. तेव्हा आमच्या गल्लीत रिक्षा आत शिरायची, आणि फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या एसटीडीत रांग लावायला लागायची. मी यवतमाळकडची. नवरा गेला, लेकाला भोसरीला कारखान्यात काम लागलं, त्याच्या मागोमाग आले. आमच्याकडची पोरं इथल्या गोड आमटीला वैतागलेली, म्हणून खानावळ घातली. आणि त्या वऱ्हाडी खानावळीत हा पुण्याचा माणूस येऊन बसला. पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी.

"गोदाबाई, ही आमटी आहे की शिक्षा?"

"अहो सर, हे नुसतं वरण आहे. शिक्षा अजून वाढायची आहे."

हसले नाहीत. पुण्याचा माणूस आतल्या आत हसतो. म्हणाले, "आपल्याकडे गूळ मिळेल का?" माझ्या वरणात गूळ! माझ्या सासूने ऐकलं असतं तर पाट घेऊन मागे लागली असती. पण पाहुणा. दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. वरण बेताचं करायला लागले. आणि प्रत्येक टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत गूळ, एकीत ठेचा. ज्याला जे हवं, हवं तेवढं, त्याने घालून घ्यावं. पुणेकर खूश, वऱ्हाडी खूश. सरांनी त्या दोन वाट्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गोदाबाई, मी ज्यावर दहा वर्षं लिहितो आहे, ते आपण दोन वाट्यांत केलंत."

मी म्हटलं, "मग आता लिहिणं बंद करा आणि जेवा."

मग हळूहळू त्यांनी मला सांगितलं ते काय करतात ते. आपल्या देशात राज्यं आहेत. राज्याच्या पोटात पुन्हा मुलूख आहेत. कुठे डोंगरातली माणसं, कुठे एखादी वेगळी भाषा, कुठे आमच्यासारखा एक कोपरा, राजधानीपासून लांब पडलेला. ती माणसं म्हणतात, आमचं आम्हाला ठरवू द्या. काहींना सरकारने थोडं ठरवू दिलं आहे. त्यांची परिषद आहे, निवडणूक आहे, कचेरी आहे. तर सर मोजायचे, कोणाला खरोखर किती ठरवता येतं. आपली माणसं आपल्याला निवडता येतात का? आपला कर आपल्याला लावता येतो का? आपल्या शाळेत मास्तर कोण यावा, हे आपल्या हातात आहे का? प्रत्येक प्रश्नाला गुण. शून्य ते तीन. शून्य म्हणजे सगळं वरून येतं. तीन म्हणजे सगळं आपल्या हातात.

मी म्हटलं, "सर, कशाला मोजता? भाजी निवडा त्यापेक्षा."

ते म्हणाले, "न मोजलं तर जो मोठ्याने ओरडतो त्याचंच खरं धरतात. जो हळू बोलतो त्याच्यासाठी मोजायचं."

हे मला पटलं. मंडळी, आजही पटतं.

विदर्भावरून आमची चेष्टा चालायची. "काय गोदाबाई, हवंय का आपल्याला वेगळं राज्य?" मी म्हणायची, "मला विचारायला यवतमाळला कोणी आलं नाही, पुण्यात येऊन तुम्ही विचारताय." तर ते म्हणाले, "बहुतेकांचं तेवढंच मागणं असतं हो. वेगळं व्हायचं नसतं. विचारावं, एवढंच."

सर प्रत्येक नवा प्रश्न आधी माझ्यावर करून बघायचे. म्हणायचे, गोदाबाईंना कळला नाही तर प्रश्न चुकला. एवढा मान मला शाळेत जाऊनही मिळाला नसता. पण मंडळी, त्याच मानातून पुढचं झालं. ते मला आज सांगायचं आहे, आणि त्यासाठीच मी आले आहे. माझ्या हातून सरांच्या कामात एक चूक झाली आहे.

ते पहाडात जायला निघाले होते. कुठलं राज्य ते सांगत नाही, पूर्वेला आहे, लांब. तिथल्या एका डोंगरी मुलखाची स्वतःची परिषद होती. तिथे विचारायचा प्रश्न सरांनी आदल्या दिवशी माझ्यावर करून पाहिला. दुपारची पंगत उठली होती. माझा लेक प्रकाश तिथेच हिशेबाच्या टेबलाशी बसला होता. आजही बसला आहे, तिकडे पंख्याखाली. प्रकाश, मान खाली घालू नको. तुझी तक्रार करायला आले नाही मी.

सरांनी विचारलं, "गोदाबाई, आपल्या घरात, या खानावळीत, निर्णय कोण घेतं?"

आता आधीच्या आठवड्यात काय झालं होतं ते ऐका. खानावळीची पुढची खोली प्रकाशने कॉम्प्युटर क्लासला देऊन टाकली होती. तेव्हा ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. बुधवार पेठेतून टेम्पो भरून कॉम्प्युटरची डबडी आली. एका सकाळी दारावर बोर्ड लागला. मला वाचता येत नाही, म्हणून जेवायला आलेल्या पोरीला विचारलं, "काय गं लिहिलंय?" तिने वाचून दाखवलं. माझ्या दारावर काय लागलं, ते मला दुसऱ्याने वाचून सांगितलं, मंडळी. प्रकाश म्हणाला, "आई, किती दिवस पातेली उचलणार? आता आराम कर." मायेनेच म्हणाला. पण विचारलं नाही.

आणि सर विचारतायत, निर्णय कोण घेतं. समोर लेक बसलेला. सर म्हटलं तरी बाहेरचे. पाहुण्यापुढे घरातलं काढायचं नाही, ही आमची रीत. तुमचीही तीच आहे, नाक वर करू नका. मी पदर खोचला आणि ठसक्यात म्हणाले, "म्हणजे काय? माझ्या घरात माझंच चालतं!" प्रकाशने मान डोलावली. "आईच्या शब्दाबाहेर इथे पान हलत नाही."

सर खूश. म्हणाले, "छान. प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ आहे. गोदाबाई, आपल्याला तीन." आणि तोच प्रश्न घेऊन ते पहाडात गेले.

तिथून आले ते फार आनंदात होते. परिषदेच्या कचेरीत बसून त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं. सगळे म्हणाले, आमचं आम्हीच ठरवतो. कायद्याच्या पुस्तकातही तसंच लिहिलेलं. सरांनी त्यांना तीन दिले. त्या गुणांचं पुस्तक छापलं. परदेशात गेलं. तुमच्यातल्याच काही पोरांनी ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. माझ्याच पुढच्या खोलीतल्या डबड्यांपुढे बसून भरले, आणि भूक लागली की आत येऊन भाकरी मागितली. आठवतं का? नसेल आठवत.

पुढे दोन-तीन वर्षांनी एक पोरगी जेवायला यायला लागली. पुण्यात शिकायला आलेली, त्याच पहाडातली. तिचं पूर्ण नाव माझ्या तोंडात बसेना, तर ती म्हणाली, लिन म्हणा. पहिल्या दिवशी तिने ठेच्याची अख्खी वाटी संपवली आणि विचारलं, "मौसी, और तीखा है?" तीस वर्षांत मला हरवणारी ती एकटीच. आमची दोस्ती झाली.

सर दोन टेबलं सोडून बसायचे. सुलभाताई कोल्हापूरहून केव्हाच परत आल्या होत्या, तरी गुरुवारचं जेवण सर माझ्याकडेच घ्यायचे. लिनला माहीत नव्हतं ते कोण. एका गुरुवारी कोणी पोराने हाक मारली, "सोमण सर, नमस्कार." आणि लिन ताटावरून उठली. तिच्या पिशवीत ते पुस्तक होतं. ती सरांपुढे जाऊन उभी राहिली. खरकटा हात मागे धरलेला. म्हणाली, "सर, वो तीन आपने दिया?"

सर म्हणाले, "बसा. काय झालं?"

ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. तिचे वडील त्या परिषदेवर होते. सर आले होते त्या दिवशी ते त्या खोलीत होते. परिषदेला कचेरी आहे, खुर्च्या आहेत, अध्यक्षाला गाडी आहे. पण शाळेत मास्तर नेमायचा तर कागद राजधानीला जातो. फळ्याला रंग द्यायचा तरी कागद राजधानीला जातो. आणि येत नाही. सरांनी विचारलं तेव्हा राजधानीतून नेमलेला अधिकारी तिथेच शेजारच्या खुर्चीत बसला होता. पाहुणा एवढ्या लांबून आलेला. त्याच्यापुढे, त्या अधिकाऱ्यासमोर, कोण म्हणणार की आम्हाला कोणी विचारत नाही? सगळे म्हणाले, सगळं आमच्या हातात आहे. तिचे वडीलही म्हणाले.

मग त्या लोकांनी राजधानीला जाऊन मागणं केलं, निदान शाळा तरी आमच्या हातात द्या. तर मोठ्या साहेबाने टेबलावर पुस्तक ठेवलं. पुण्याच्या विद्वानाने तुम्हाला तीन दिलेत. पैकीच्या पैकी. अजून काय हवं?

लिन म्हणाली, "पापा लौट आए. तब से कुछ माँगते नहीं."

मंडळी, मी वाढायला उभी होते. हातात भाजीचा डाव.  सर ताटावरून उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत. हात कोरडा पडला. ज्या माणसाने हळू बोलणाऱ्यांसाठी जन्मभर मोजलं, त्याच्या मोजण्याने एक माणूस बोलायचाच थांबला होता. सरांचा तसा विझलेला चेहरा मी त्या दिवशी पाहिला, आणि दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या बुधवारी. बुधवारचा बरा होता.

बाकीची पोरं गेली. लिन गेली. सर बसून राहिले. मी समोरच्या बाकावर बसले. कधी बसत नाही मी गिऱ्हाइकासमोर. म्हटलं, "सर, माझा तीनही खोटा आहे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी प्रकाश बसला होता. पुढची खोली मला न विचारता दिली होती. मी तुमच्यापुढे मिरवलं. तुम्हाला प्रश्न सरळ वाटला तो माझ्यामुळे. मी तेव्हाच खरं बोलले असते, तर तुम्ही पहाडात तसं विचारलं नसतं."

मला वाटलं रागावतील. सर म्हणाले, "चूक आपली नाही, गोदाबाई. लेकासमोर आईला विचारणारा मूर्ख मी." आणि मग पुणेरीपणा गेला नाहीच, "आणि आपण तरी एवढ्या ठसक्यात खोटं बोलायची काय गरज होती?"

दोघं हसलो. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, ठेच्याचं आहे.

पुढच्या गुरुवारी सर नवा प्रश्न घेऊन आले. स्वयंपाकघरात आले, प्रकाश भोसरीला गेलाय ना याची खात्री करून. आता "निर्णय कोण घेतं" असं नाही विचारलं. विचारलं, "गोदाबाई, आपण शेवटचं 'नाही' कधी म्हणालात? आणि ते टिकलं का?"

मी भाकरी थापत होते. आठवायला लागले. एक भाकरी झाली, दोन झाल्या, तव्यावरची करपली. आठवेना. नवऱ्याला म्हटलं होतं, टिकलं नाही. सासूला म्हटलंच नव्हतं. लेकाला तर म्हणायचं सुचलंच नाही. म्हटलं, "सर, शून्य लिहा."

सरांनी पेन खिशात ठेवलं. "एवढ्यात नको. थांबू या. मला घाई नाही."

त्या रविवारी मी प्रकाशला म्हटलं, "पुढची खोली सकाळी तुझ्या क्लासची, साडेअकरानंतर माझी. टेबलं बाहेर काढून ठेवायची. आणि आराम मी मेल्यावर करीन." तो म्हणाला, "आई, मी शब्द देऊन बसलोय." मी म्हटलं, "नाही." बस. एवढंच. हा भला माणूस दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी स्वतः टेबलं हलवायला लागला. तेव्हापासून, पोरांनो, एकाच खोलीत सकाळी तुम्ही बटणं दाबलीत आणि दुपारी वरण ओरपलंत.

सरांना सांगितलं. त्यांनी वही काढली, लिहिलं आणि मला दाखवलं. म्हटलं, मला काय दाखवता? तर म्हणाले, "हा आकडा आपल्याला वाचता येईल." एक उभी रेघ, वर गाठ. एक.

मंडळी, आधीचा तीन मला दिलेला होता. हा एक मी मिळवलेला आहे. माझा पहिला आणि शेवटचा परीक्षेचा निकाल. मला विचाराल, तीनातून एक झाला म्हणून वाईट वाटलं का? अहो, तीन असले की पुढे मागायला तोंड उरत नाही. एक असला की निदान दुसरा मागता येतो.

सर पुन्हा पहाडात गेले. वय झालेलं, गुडघे दुखणारे. एकेकाच्या घरी गेले, अधिकाऱ्याला कचेरीतच बसवून. लिनच्या वडिलांकडे दोन दिवस राहिले. परत येऊन दुरुस्ती लिहिली. त्या परिषदेच्या तीनच्या जागी एक, आणि खाली कारण: प्रश्न विचारण्याची माझी पद्धत चुकली. स्वतःच्या सहीने. ती घेऊन ते इथे, या इमारतीत आले. इथे त्यांना काय सांगितलं गेलं ते सर मला सांगायचे नाहीत, पण गुरुवारी गूळ जास्त घ्यायला लागले. एकदा बोलले एवढंच, की म्हणतात, एक आकडा बदलला तर लोक बाकीच्यांवरही विश्वास ठेवणार नाहीत. पुढच्या आवृत्तीत बघू. मी म्हटलं, "सर, मी एक भाकरी करपली तर करपली म्हणते. म्हणून तर बाकीच्या खातात लोक." ते म्हणाले, "आपण संचालक व्हायला हव्या होतात."

पुढची आवृत्ती आली नाही. सर गेले.

आणि आता परवाचं. संचालक साहेब सुलभाताईंना भेटायला घरी आले. चांगल्या मनाने आले. मी तिथेच चटईवर होते. खोली भरलेली. सगळे नातेवाईक, शेजारी, सरांच्या खुर्चीवर सरांचा फोटो. साहेब म्हणाले, "वहिनी, आम्ही ठरवलं आहे. सरांचं पुस्तक त्यांच्या स्मृतीसाठी पुन्हा छापायचं. जसंच्या तसं. त्यांचा एक आकडाही आम्ही बदलणार नाही. आपली संमती आहे ना?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. किती मोठा मान! सुलभाताईंनी जमिनीकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं."

साहेब, ते "बरं" मी ओळखते. ते मी म्हटलेलं आहे. लिनच्या वडिलांनी म्हटलेलं आहे. घर माणसांनी भरलेलं, कपाळ चार दिवसांपूर्वी मोकळं झालेलं, समोर मोठा माणूस. त्या वेळी बाई काय म्हणणार? लिन भेटल्यापासून सर हेच तर लिहीत आले, की असं विचारू नये. आणि सरांच्याच घरात, सरांच्या खुर्चीसमोर, तुम्ही तसंच विचारलंत.

तुम्ही गेल्यावर सुलभाताई आतल्या खोलीत गेल्या. मी मागे गेले. त्यांनी कपाटातून सरांची दुरुस्ती काढली. हाताने लिहिलेली तीन पानं. त्यांना मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "गोदाबाई, ते असते तर हे पुस्तक छापू दिलं नसतं त्यांनी. पण माझ्याच्याने तेव्हा बोलवलं नाही." आज इथे हे वाचू का, म्हणून मी त्यांना एकटीला, दार लावून विचारलं. दोनदा विचारलं. म्हटलं, नको म्हणालात तर नुसतं सरांच्या जेवणाचं सांगून बसते. त्या म्हणाल्या, "वाचा." म्हणून वाचतेय. ती तीन पानं त्यांच्या पिशवीत आहेत. त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

साहेब, मी अडाणी बाई. तुमचं शास्त्र मला कळत नाही. पण मी हात जोडून सांगते, सरांना मोठं करायचं असेल तर त्यांच्या चुकीसकट करू नका. त्यांनी स्वतः सुधारलेली चूक तुम्ही पुन्हा त्यांच्या नावाने छापणार. पहाडात तो म्हातारा पुन्हा ते पुस्तक टेबलावर बघणार. आणि या वेळी ते बदलायला सर नाहीत.

आणि पोरांनो, तुम्ही. हिंजवडीवाले, अमेरिकेहून आलेले. तुम्ही भरलेले आकडे तुमच्याच कॉम्प्युटरांत अजून आहेत, राधिका सांगते जगभर फिरतायत. तीनच्या जागी एक करायला किती वेळ लागतो? एक बटण? दोन? माझी भाकरी खाऊन तेवढं बोट तर तुमच्यात आलं असेल. संस्था छापेल तेव्हा छापेल. तुमच्याकडचा तुम्ही आज घरी गेल्यावर बदला. सरांना तीच फुलं.

लिन आता तिच्या गावी शिकवते. सर गेल्याचं सांगायला राधिकेने तिला फोन केला.  ती म्हणाली, "पापा को अभी नहीं बताऊँगी. पहले वो एक छप जाए." मी काय उत्तर देऊ तिला? ते उत्तर माझ्या हातात नाही. इथे बसलेल्यांच्या हातात आहे.

सर, आता तुमच्याशी. तुमच्या गुरुवारच्या जागेवर परवा एक नवा मुलगा येऊन बसला. उठवणार होते त्याला. मग म्हटलं, नको, तुम्हाला आवडलं नसतं. त्याने वरणात गूळ घातला. मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. भाकरी करपल्या. तिघांनी तक्रार केली, त्यांना सांगितलं, करपल्या.

तुम्ही मला एक दिलात. या वयात. आता दुसऱ्यासाठी कोणाकडे जाऊ?

बस राधिका, संपत आलं. पाणी पी.

मंडळी, आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मोबाइल बंद करा, दोघांचे मघापासून वाजतायत. पण साहेब, आमची ही शांतता म्हणजे संमती असं कृपा करून धरू नका. दोन मिनिटं झाली की सुलभाताईंना बाजूला घ्या, एकटीला, आणि पुन्हा विचारा. त्या काय म्हणतील ते मी सांगणार नाही. तो माझा प्रश्न नाही.

आणि बाकीचे, जाताना ऐकून जा. तेराव्यापर्यंत सुलभाताईंकडे तुमचे डबे येत राहणार, ती रीत आहे, यायलाच हवेत. पण परवापासून ओट्यावर नुसतं पिठलं साठलं आहे. त्यांना पिठल्याने जळजळतं, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. तेव्हा आधी फोन करा. आज काय खाल, विचारा. नको म्हणाल्या तर पाठवू नका. पाठवा म्हणाल्या तर ज्वारीची मऊ भाकरी आणि तुरीचं वरण पाठवा, बेताचं. गूळ एका वाटीत द्या, ठेचा दुसऱ्या वाटीत. आतच घालून पाठवू नका. त्यांचं त्या घालून घेतील.